कापणीचं पिंप

"खिळा काढलास ना आई, की एक घोटभर धार घ्यायची आणि लगेच परत बसवायचा. बघत उभी राहू नकोस. काढला, घेतला, बसवला. संपलं काम."

हाल्वरने हे सांगितलं तेव्हा त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत शिजलेल्या धान्यात होते आणि त्याची बायको कोरा गावात बाटल्यांची बुचं आणायला गेली होती. म्हणून आईला हाक गेली. गोठ्यात भिंतीलगत लाकडी पिंपं आडवी निजवलेली होती. प्रत्येकाच्या पुढच्या फळीत एक बारीक भोक आणि त्यात स्टीलचा खिळा. तो चिमट्याने ओढला की फिकट पिवळी धार सुटायची, गाईच्या सडातून पहिली धार सुटावी तशी. आर्लिसने धारेखाली ग्लास धरला तो हात ताणून, तोंड फिरवून. हाल्वर हसून हसून वाकडा झाला.

"अगं, साप नाहीये तो!"

"तुला काय ठाऊक? माझ्या बापाला ह्याच सापाने खाल्लं."

त्यावर तो हसायचा थांबला, पण वरमला नाही. तसाच भरल्या हातांनी आला आणि तिच्या कपाळावर ओठ टेकवून गेला. दिवसभर तिच्या केसांत धान्याचा वास राहिला.

वडिलांची शवपेटी मातीत उतरली त्या दिवशी, वेण्या घालायच्या वयात, आर्लिसने दारूला ओठ न लावण्याचा नेम धरला होता. लग्नात, बारशात, कुठेच तो मोडला नाही. चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या वेळी पाद्रीबाबा तिच्यापुरता साधा द्राक्षाचा रस वेगळ्या पेल्यात ठेवायचे. त्यामुळे तिचा नवरा ऑर्विल गेल्यावर, गाई विकल्यावर, मुलगा मिलवॉकीहून बायकोला घेऊन परत आला आणि म्हणाला, "गोठ्यात बीअर करतो," तेव्हा सगळी दरी कान टवकारून बसली होती, आता आर्लिस काय म्हणते म्हणून.

आर्लिस आठवडाभर काही म्हणाली नाही. मग एका सकाळी स्तोत्राचं पान वाचून झाल्यावर पुस्तक मिटत म्हणाली, "रिकामा गोठा बघवत नाही. भर तुला हवं ते. पण मी चव घेणार नाही आणि तू मला आग्रह करायचा नाहीस."

त्याने कधी केला नाही.

बीअर मात्र अगदी घरची होती. राय नावाचं धान्य आपल्याच उतारावरचं. बीअरला कडवटपणा देणारे हॉप्सचे वेल ऑर्विलने बांधलेल्या कुंपणावर चढवलेले. विरजणसुद्धा विकतचं नाही. विहिरीपाशी जंगली आलुबुखाराचं झाड होतं, त्याच्या फळांच्या सालीवरून हाल्वर आणि कोराने ते धरलं होतं, आणि एका घाण्यातलं थोडं पुढच्या घाण्याला असं चालवत आणलं होतं. आर्लिसला ह्यातलं फार कळत नसे, पण विरजण कळत असे. तिच्या आजीने नॉर्वेहून आलेलं दह्याचं विरजण अशाच एका मातीच्या भांड्यात जपलं होतं.

दरवर्षी शेवटच्या पिकाची राय आणि त्या वर्षीचं सगळ्यात चांगलं विरजण घालून एक पिंप वेगळं भरलं जायचं. ते विकायचं नाही. पुढल्या सप्टेंबरात, शेतं मोकळी झाली की ज्यांनी ज्यांनी कापणीला हात लावला त्यांना गोठ्यापुढे लांब टेबलं मांडून जेवण घालायचं आणि ते पिंप फोडायचं. तोवर त्यातलं कुणी प्यायचं नाही. ह्या नियमाला हाल्वर जपे. "ते निजलंय," म्हणायचा.

गेल्या नोव्हेंबरात त्याने ते पिंप भरलं. वर खडूने वर्ष लिहिलं. आणि डिसेंबरात, बीअरचा चोथा शेजाऱ्याच्या डुकरांना घालून परत येताना, डोंगरकडेच्या वळणावर बर्फात त्याची गाडी घसरली.

*

आर्लिसने सगळं रीतीने केलं. चर्चच्या तळघरात बायकांनी लेफ्सं, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्या, भाजल्या, हॅमचे तुकडे केले, आणि ती प्रत्येकीला हात जोडल्यासारखं करून "उपकार झाले बाई" म्हणत राहिली. आठवड्याच्या आत तिने त्याचे कपडे धुतले. कोरा तेव्हा मिलवॉकीला आपल्या आईकडे गेली होती, तिला त्या घरात झोप लागेना. हाल्वरचे स्वेटर, जाड सदरे, लोकरीच्या टोप्या, सगळं आर्लिसने गरम पाण्यात घातलं, वाळवलं, घड्या केल्या आणि चर्चच्या गरजूंच्या पेटीत नेऊन दिलं. मेलेल्याचं धरून बसू नये, गारठलेल्याच्या अंगावर घालावं, हे तिला लहानपणापासून शिकवलेलं. ते करताना तिला थोडं बरंही वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती उठली, कॉफी ठेवली, आणि त्याच्या खोलीच्या दारात उभी राहिली. खोलीला साबणाचा वास येत होता. उशीला साबणाचा. कपाटाला साबणाचा. तिने उशीच्या खोळीत नाक खुपसलं, गादीच्या कडेला, खुर्चीच्या पाठीला. सगळीकडे तिचंच धुणं-पुसणं आधी पोहोचलेलं होतं. टापटिपीची बाई! एक मोजा तरी राहू दिला असतास.

त्या वेळी पाय आपोआप गोठ्याकडे वळले. ती धारांची वेळ होती. गाई जाऊन वर्षं झाली तरी तिच्या पायांना ते कुणी सांगितलं नव्हतं. दार ढकललं आणि आतल्या गारठ्यात तिच्या नाकाला काहीतरी ओळखीचं लागलं, फार पुसट. ती पिंपांच्या रांगेपाशी गेली. खडूच्या अक्षरांपाशी थांबली. चिमटा खुंटीला होता.

काढला, घेतला, बसवला.

ग्लासात दोन बोटं बीअर होती. ती तिने नाकापाशी आणली.

ओलं गवत. सफरचंदाचं साल. मिरीची पूड. आणि त्याच्याखाली किंचित बोकडासारखा, घामेजल्या लोकरीसारखा वास. हाल्वर स्वयंपाकघरात यायचा, बूट न काढता, आणि वाकून भांड्यात काय शिजतंय बघायचा, तेव्हा त्याच्या गळ्यापाशी यायचा तो.

आर्लिस तिथे, दावणीच्या जुन्या दगडावर बसली आणि तो गेल्यापासून पहिल्यांदा ओक्साबोक्शी रडली. मग ग्लास बाहेर गवतावर ओतला, विसळला, पालथा घातला. ओठ लागला नव्हता. नेम शाबूत होता.

त्या दिवसापासून तो दुसरा नेम झाला. पहाटे स्तोत्र, मग कॉफी, मग गोठा. बर्फ गुडघाभर असलं तरी. ताप असला तरी. ती हाल्वरने सांगितलं तसंच करायची, खिळा हातात धरून एक श्वासही जास्त उभी राहायची नाही. बसवला की अंगठ्याने दाबून बघायची. कोराला तिने सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. देवापाशी काय मागतो ते जसं कुणी जेवताना सांगत नाही, तसं.

कोरा वसंतात परत आली. घर तिने गावात घेतलं, किराणा दुकानावरच्या खोल्या, पण दिवस गोठ्यातच काढायची. जुनी पिंपं बाटल्यांत भरायची, थोडी विकायची. नवा घाणा मात्र लावला नाही. "कापणीचं जेवण होऊ दे," म्हणायची. "ते त्याचं पिंप फुटू दे. मग बघू पुढचं." दुपारी दोघी पायरीवर बसून वालाच्या शेंगा निवडायच्या आणि कोरा त्याच पिंपाबद्दल बोलायची.

"त्या घाण्याला तो रात्रभर जागला होता आई. म्हणाला, आजवरचं सगळ्यात चांगलं विरजण आहे. मी अजून चव घेतली नाहीये. त्याच्या नियमाप्रमाणे."

"शहाणी पोर," आर्लिस म्हणायची.

जून सरला तसा वास बदलायला लागला. सफरचंद जरा धारदार झालं. जुलैत गोठा तापला, तेव्हा एका पहाटे तो वास नाकात टोचला. आर्लिसला भीती वाटली नाही. उलट ओठांवर थोडं हसू आलं. हाल्वर नेहमी सांगायचा, बाटलीतली बीअर मेलेली असते, पिंपातली वाढते, पोरासारखी वागते, आज गोड तर उद्या रुसलेली. म्हणजे तो अजून वाढतोय, तिला वाटलं. ह्या अख्ख्या शेतावर तेवढंच एक त्याचं वाढतंय.

खिळा आता पूर्वीपेक्षा सहज निघायचा. चिमटा न घेता, नुसत्या बोटांनी.

*

कापणीच्या जेवणाला आठवडा राहिला तेव्हा वेंडेल आला, पिंप तयार झालंय का ते जोखायला; आठवडाभर आधीचं तेवढं जोखणं नियमात बसायचं. पलीकडच्या दरीतला तो, आधी लोणीवाला, मग बीअरवाला. हाल्वरला पिंपं कशी जोखायची ते त्यानेच शिकवलेलं. पोट पुढे, पँटचे पट्टे खांद्यावरून घसरलेले, आणि दारातून आत येण्याआधी आवाज आत.

"आर्लिस! कॉफी आहे, की तुझं ते तपकिरी पाणी?"

"तुला प्यायची तर पी, नाहीतर तुझ्या बायकोकडे जा."

"तिनेच हाकललंय. म्हणाली, जा, त्या दोघींना छळ." त्याने कप भरून घेतला, एका घोटात संपवला आणि आवाज खाली आणला. "पोरगी बरी आहे ना?"

"आज सकाळपासून तीन वेळा हात धुतलेत."

"मग चल. नवरीला फार ताटकळत ठेवू नये."

गोठ्यात कोराने पिंपापुढे पांढरं फडकं अंथरलं होतं. त्यावर तीन ग्लास. तिसरा कुणासाठी ते कुणी विचारलं नाही. केस घट्ट बांधलेले, अंगात हाल्वरचा एप्रन. तेवढा एकच तिच्याकडे राहिला होता, कारण आर्लिसने कपडे धुतले त्या वेळी तो तिच्या गाडीत होता. आर्लिसची नजर त्यावर गेली आणि तिथून हलेना.

"वेंडेल, तुम्ही काढा," कोरा म्हणाली. "मला धीर होत नाहीये."

"अगं, खिळाच तर आहे. तुझ्या लग्नात ह्याहून कठीण काम केलंस, ह्या घरात सून म्हणून आलीस."

ती हसली. बऱ्याच महिन्यांनी आर्लिसने तिला तसं हसताना पाहिलं, आणि पुढे तेच तिला आठवत राहिलं.

वेंडेलने चिमटा लावला. खिळा आपणहून निघून आला. त्याच्या भुवया वर गेल्या. धार आली ती लुळी, जोर नसलेली. त्याने ग्लास धरला, खिळा दाबला आणि ग्लास नाकाकडे नेता नेता मध्येच थांबला.

"काय?" कोरा.

त्याने भोकाभोवती बोट फिरवलं. बोटावर दोन चिलटं चिकटून आली. मग त्याने पिंपाच्या कुशीवर बोटांच्या सांध्याने वरपासून खाली टकटक केली. वरच्या भागात पोकळ आवाज येत होता. फार खालपर्यंत पोकळ.

"द्या इकडे," कोरा म्हणाली आणि ग्लास त्याच्या हातातून जवळजवळ ओढून घेतला. वास घेतला. डोळे मिटले. चव घेतली, आणि ती तोंडातच धरून उभी राहिली, जणू अजून काही वेळ दिला तर ती बदलेल. शेवटी बादलीत थुंकली.

"व्हिनेगर," ती म्हणाली.

"थोडं आंबटलं असेल—"

"वेंडेल. व्हिनेगर आहे. नखं रंगवायच्या बाटलीसारखा वास येतोय." तिचा आवाज अगदी सपाट होता. "पण का? बूच मी दर महिन्याला बघितलंय. पट्ट्या घट्ट आहेत. कुठे गळत नाहीये. मी एकदाही हे उघडलं नाही!"

"कुणीतरी उघडलंय पोरी." वेंडेल हळू बोलला. "भोक बघ, किती सैल झालंय. एकदोनदा काढून असं होत नाही. आणि जेवढी बीअर बाहेर, तेवढी हवा आत. वर साय धरलेली असते ना, ती फाटत राहिली की सगळं आंबतं. कुणीतरी रोज येऊन पीत होतं, असं वाटतंय."

"कोण येणार रोज? इथे कोण—"

"मी," आर्लिस म्हणाली.

दोघं वळले. वेंडेलच्या तोंडावर आधी हसू आलं, थट्टा समजून. मग ते विरलं.

"आई, तुम्ही तर पीत नाही."

"नाही पीत. वास घेत होते."

"काय?"

"त्याचे कपडे मी धुऊन टाकले ना." आर्लिसला आपलाच आवाज लांबून येतोय असं वाटत होतं. "घरात त्याचा वास कुठेच राहिला नव्हता. ह्यात होता. रोज सकाळी थोडं काढायचे, आणि ओतून टाकायचे. त्याने दाखवलं होतं तसंच केलं कोरा. लगेच खिळा बसवायचे. एकदासुद्धा उघडा ठेवला नाही."

"रोज?"

"तो गेल्यापासून."

कोराने ग्लास फडक्यावर ठेवला. फार जपून ठेवला, आणि आर्लिसला वाटलं, आपटला असता तर बरं झालं असतं.

"कापणीच्या आधी कुणी हात लावायचा नाही, माहीत होतं तुम्हाला."

"कुणी प्यायचं नाही, एवढंच माहीत होतं."

"मी रोज इथे यायचे," कोरा म्हणाली. "रोज ह्याच्यासमोरून जायचे. मला वाटत नसेल, आई? त्याने शेवटी केलेली एकमेव गोष्ट हाताच्या अंतरावर, आणि मी हात मागे बांधून उभी राहायचे. म्हटलं, तो थांबला असता, तर मीही थांबेन. त्या दिवशी सगळ्यांच्या मध्ये पहिला घोट घेईन. तेवढ्यावर मी हे वर्ष काढलं. तेवढ्या एका घोटावर." तिने ग्लासकडे बोट केलं. "आणि तुम्ही तो गवतावर ओतत होतात."

वेंडेलने टोपी काढली, परत घातली, आणि "गाडीत काहीतरी राहिलंय" असं पुटपुटत बाहेर गेला.

आर्लिसला पुष्कळ बोलता आलं असतं. की तिला कळलं नाही. की कुणी सांगितलं नाही. की मूल आधी तिचं होतं. ह्यातलं प्रत्येक वाक्य जिभेवर आलं, आणि तिने ते प्रत्येक गिळलं, कारण सगळी खरी असूनही एकही उपयोगाचं नव्हतं. तिला इतकंच दिसत होतं, की त्या पिंपात दोघींच्या वाटणीचं होतं आणि तिने एकटीने ते संपवलं होतं. तेही हुंगून.

"माझ्या हातून घडलं," ती म्हणाली. "मला क्षमा कर असं म्हणायला तोंड नाही. पण घडलं ते माझ्याच हातून."

कोरा पिंपाला कपाळ टेकून उभी राहिली. पाठ हलत होती. आर्लिसने हात पुढे केला, एप्रनच्या गाठीपर्यंत नेला, आणि मागे घेतला.

*

दुपारी तिघं पायरीवर बसले. आर्लिसने आदल्या दिवशी भाजलेल्या, रुबार्बच्या आंबट देठांच्या वड्या मांडल्या होत्या. वेंडेलशिवाय कुणी हात लावला नाही, आणि त्यानेही एकच घेतली, जे त्याच्या शरीराला शोभत नव्हतं.

"दुसऱ्या कशात मिसळून वाचवता येईल का?" शेवटी त्यानेच विचारलं, उत्तर माहीत असताना.

"नाही."

"नाही," तोही म्हणाला. "आणि पोरी, मला बोलायला जड जातंय, पण ते पिंप आत राहू देऊ नकोस. चिलटं एका भोकातून दुसऱ्यात जातात. शेजारची दोन अजून चांगली आहेत. आज नाहीतर उद्या, ह्याला बाहेर काढायला हवं. ओतायचं ते ओढ्याकडे नको, मासे मरतील. वरच्या खडकाळ उतारावर. लाकूडही ठेवायचं नाही. जाळायचं."

"मी नाही नेणार." कोरा गुडघ्यांना मिठी मारून बसली होती. "मला नाही जमणार. जेवण करू आपण. लोक येतील. सांगेन मी त्यांना, दुसरं पिंप फोडू. माझं आहे एक, गेल्या वर्षीच्या मार्चमधलं. त्याचं नाही." तिने नाक पुसलं. "पण ते मी नाही नेणार."

"मी पाठवतो माझी माणसं—"

"नको," आर्लिस म्हणाली. "मी नेते."

कोराने मान वर केली. सकाळपासून पहिल्यांदा तिने सासूकडे नीट पाहिलं. राग होता डोळ्यांत, तो कुठे गेलेला नव्हता. आर्लिसला वाटलं, तो राहणारही आहे, वर्षभर, कदाचित त्याहून जास्त, आणि राहू दे.

"तुम्हाला उचलेल?"

"ट्रॅक्टरला काटे आहेत. ऑर्विलच्या वेळेपासून मी गवताचे भारे हलवतेय."

"उद्या मी यायच्या आत."

"तू यायच्या आत."

"आणि कुणाला देऊ नका. अर्धं कापून कुणी त्यात फुलं लावतं, ते नकोय मला. चर्चच्या दारात पेटुनिया नकोत त्याच्यात."

"नाही देणार."

कोरा उठली. किल्ल्या घेतल्या. गाडीपर्यंत गेली आणि दाराला हात लावून थांबली. वळली नाही. गाडीच्या टपाकडे बघूनच बोलली.

"आई, ओताल तेव्हा वास घेऊ नका."

आर्लिसला वाटलं, ही शिक्षा आहे, आणि ती मान्य करावी. "नाही घेणार."

"तसं नाही." कोरा म्हणाली. "तो वास आता त्याचा नाही राहिला. हा जर तुमच्या नाकात बसला, तर पहिला जाईल. मी आज सकाळी घेतला, आणि आता मला आधीचा आठवतच नाहीये. किती वेळ झाला, आठवून बघतेय, येतच नाहीये. तुम्हाला तरी राहू दे. निदान आपल्यातल्या एकीपाशी तरी तो असू दे. शपथ घ्या."

शपथ घेणं आर्लिसच्या धर्मात बसत नव्हतं. हो ते हो आणि नाही ते नाही, एवढंच म्हणावं असं तिला शिकवलं होतं.

"हो," ती म्हणाली.

गाडी उतारावरून खाली गेली. वेंडेल उरलेल्या वड्या झाकून ठेवत बसला. मग म्हणाला, "थांबू का उद्यापर्यंत? मदतीला?"

"नको. तुझी बायको म्हणेल, तिकडेच राहिला."

तो हसला नाही. जाताना त्याने तिच्या खांद्यावर पंजा ठेवला, जड, उबदार, आणि गेला.

*

सकाळी उजाडताना तिने स्तोत्राचं पान उघडलं. अक्षरं वाचली. कॉफी ठेवली, पण ओतून घेतली नाही. कॉफी पोटात गेली की सवयीने पुढचं पाऊल कुठे पडतं ते तिला ठाऊक होतं.

ट्रॅक्टर एका झटक्यात सुरू झाला. गोठ्याची दोन्ही दारं तिने सताड उघडली आणि आत खाली न उतरता, श्वास रोखून, काटे पिंपाच्या घोडीखाली घातले. खडूचं वर्ष दिव्याच्या उजेडात एकदा समोर आलं. तिने ते वाचलं नाही. पिंप उचललं गेलं तेव्हा आत काहीतरी डुचमळलं, लहान मूल कुशीवर वळावं तसं, आणि तिचे हात चाकावर घट्ट झाले. पण ट्रॅक्टर मागे आला, सरळ, दाराला कुठे न घासता.

अंगणात तिने तो थांबवला. खाली उतरली. बोट ओलं करून वर धरलं. वारा उतारावरून खाली येत होता, पश्चिमेकडून. नेहमीच्या गाडीवाटेने वर गेलं असतं, तर पुढच्या पिंपाचा वास सगळा तोंडावर आला असता. म्हणजे लांबचा रस्ता, कुंपणाच्या बाहेरून, रायच्या कापलेल्या खुंटांतून, आणि उताराच्या पलीकडच्या अंगाने वर चढायचं. वारा पाठीशी ठेवून.

तिने डोक्यावरचा रुमाल सोडला, त्याची त्रिकोणी घडी घातली आणि नाकावरून घेऊन मानेमागे गाठ मारली. गाठ ओढून पाहिली. मग पुन्हा वर चढून बसली, आणि सावकाश, पिंपाला हिसका बसणार नाही अशा बेताने, लांबच्या रस्त्याला लागली.